छाटलेली लहर आणि खर्जाचा प्रश्न

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये गायक मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना ध्वनिमिश्रण यंत्राच्या एका भागात बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिन वाजवत असलेल्या सहा तारांच्या बेस गिटारचा आवाज एकाएकी घरघरू लागला. तो तुकडा तसाच ठेवून गाणे 1961 साली प्रकाशित झाले आणि गाजले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तीच घरघर हुकमी निर्माण करणारे विद्युत मंडल (सर्किट) पुढे रेव्हिस हॉब्ज यांच्यासह तयार केले आणि गिब्सन कंपनीने ते 1962 मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. फझची, म्हणजे मुद्दाम घरघरवलेल्या आवाजाची, ही कहाणी बेसपासून सुरू होते हे मला महत्त्वाचे वाटते, कारण नंतरची बहुतेक गाजलेली फझ पेडल, म्हणजे हा आवाज देणाऱ्या पायाने चालू-बंद करायच्या पेट्या, गिटार डोळ्यांसमोर ठेवून घडवली गेली.

गिटारमधून निघणारा विद्युत संकेत व्होल्टच्या काही अंशाएवढा असतो. फझ पेडल तो इतका वाढवू पाहते की नऊ व्होल्टच्या बॅटरीची मर्यादा आड येते आणि लहरीचे गोलसर माथे सपाट छाटले जातात. या छाटणीमुळे लहरीला कोपरे येतात, आणि कोपरे घडण्यासाठी मूळ स्वराच्या पूर्ण पटीतल्या कंप्रता, म्हणजेच उपस्वर, ध्वनीत मिसळावेच लागतात. लहर वरून आणि खालून सारखीच छाटली, तर तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम उपस्वरच वाढतात. मूळ स्वर षड्ज मानल्यास तिप्पट म्हणजे पुढच्या सप्तकातला पंचम आणि पाचपट म्हणजे त्याच्याही पुढच्या सप्तकातला गंधार. तानपुऱ्याची जवारी उत्तम लागली असता ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा याच पाचपटीचा स्वर आहे. तिथे तो तार आणि घोडीच्या वक्र पृष्ठाच्या स्पर्शातून खुलतो, इथे छाटणीतून. छाटणी एका बाजूला अधिक झाली, तर सम पटींचे उपस्वरही येतात. शिवाय तार विझत चालली तरी वाढवलेला संकेत बराच काळ छाटणीच्या पातळीला टेकलेला राहतो, म्हणून स्वर लांबतो.

दोन स्वर एकत्र छेडले, की छाटणीतून त्यांच्या कंप्रतांच्या बेरजा-वजाबाक्याही जन्मतात. षड्ज-पंचमाचे प्रमाण 2:3 असल्याने वजाबाकीचा स्वर षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली पडतो आणि जोडी भरदार वाटते. गंधार मिसळला की मात्र गोंधळ होतो, कारण गिटारच्या पडद्यांवरचा गंधार 4:5 या शुद्ध प्रमाणापेक्षा किंचित चढा असतो आणि त्यातून निर्माण होणारे स्वर एकमेकांशी भांडतात. फझवर वादक बहुधा पूर्ण कॉर्ड (अनेक स्वर एकत्र छेडणे) टाळतात, ते यामुळेच.

बेसची अडचण निराळी आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सुमारे 41 हर्ट्झला कंप पावते, गिटारची सुमारे 82 हर्ट्झला. छाटणीमुळे संकेताची उंची बांधली जाते आणि ऊर्जेचा मोठा वाटा उपस्वरांकडे जातो. त्यातच मंडलातले कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे घटक) लहान असतील, तर खालच्या कंप्रता वाटेतच अडतात. उपस्वरांवरून कान मूळ स्वर ओळखतो खरा, पण छातीत जाणवणारा खर्ज हरवतो. दोन्ही वाद्यांसाठी बनवलेल्या पेडलमध्ये म्हणून संकेताच्या दोन वाटा करतात: एक छाटली जाते, दुसरी स्वच्छ राहते, आणि 'ब्लेंड' हा नॉब त्यांचे प्रमाण ठरवतो. माझ्या मते अशा पेडलमधला सर्वांत मोलाचा नॉब हाच.

जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांनी (संकेत वाढवणाऱ्या घटकांनी) बनलेले फझ मऊ वाटते, सिलिकॉनचे बहुधा अधिक धारदार. मात्र जर्मेनियममधला गळतीचा प्रवाह तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो आणि ट्रान्झिस्टरचा समतोल ढळतो. अशा पेडलवर 'बायस' नावाचा नॉब असेल, तर प्रखर दिव्यांखालच्या मंचावर स्वर तुटू लागताच वादक तो किंचित फिरवून समतोल परत आणू शकतो.