अळण्यात उतरतं ते काय?

मटण शिजलं की मसाला पडायच्या आधी वाटीभर पाणी काढून घरातल्या पोरांना देतात, ते अळणी. तिखट नाही, वाटण नाही, तरी चव अशी की पोरं वाटी चाटूनपुसून ठेवतात. तुकड्यातून पाण्यात नेमकं काय उतरतं, याचा शोध युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीलाच चालू केला होता. 1806मध्ये फ्रान्सच्या तेनारने मांसाच्या या अर्काला 'ओस्माझोम' असं भारदस्त नाव दिलं. तो एकच पदार्थ असावा, असा समज होता. प्रत्यक्षात ती अनेक पदार्थांची खिचडी निघाली.

1847मध्ये जर्मनीच्या युस्टुस फोन लीबिगने गोमांसाच्या पाण्यातून एक आम्ल वेगळं काढलं आणि स्नायूसाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'इनोसिनिक' म्हटलं. पुढे त्याच्या नावाची कंपनी निघाली. उरुग्वेतल्या फ्राय बेन्तोस इथं गुरं मुख्यतः कातड्यासाठी मारली जात आणि मांस मातीमोल असे. ते आटवून अर्क विकायचा, हा धंदा 1865पासून जोरात चालला. जाहिरात पोषणाची होती, पण त्यात पोषण बेताचंच. खपण्यासारखी होती ती चव. मांस आधी खरपूस भाजलं की रस आत कोंडतो, हा समजही रूढ केला तो लीबिगनेच. रस काही कोंडत नाही. भाजल्यावर जो वास सुटतो त्यामागची क्रिया 1912मध्ये लुई-कामी मायारने दाखवली: उष्णतेने अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि साखरा एकमेकांशी जुळतात, आणि त्यातून रंग-गंध तयार होतो.

अळण्याचं कोडं मात्र जपानमध्ये सुटत गेलं. 1908मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट, म्हणजे एका अमिनो आम्लाचं रूप, काढलं आणि त्याच्या गोड-आंबट-खारट-कडूहून वेगळ्या चवीला 'उमामी' म्हटलं. त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी 1913मध्ये कात्सुओबुशी, म्हणजे उकडून, धुरी देऊन लाकडासारखा कडक वाळवलेला कुपा मासा तपासला. हाती काय लागलं? लीबिगचंच इनोसिनिक आम्ल! गाय आणि मासा एका पंगतीत बसले. पुढे 1950च्या दशकात अकिरा कुनिनाका यांना आढळलं की ग्लुटामेट आणि इनोसिनिक आम्ल ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव बेरजेने नव्हे, पटीने वाढते. मटणाच्या रश्श्यात टोमॅटो पडल्यावर तो खुलतो त्याला हेही एक कारण, कारण टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर.

हे इनोसिनेट, म्हणजे इनोसिनिक आम्लाचंच रूप, जिवंत स्नायूत फारसं नसतं. प्राणी मेल्यावर पेशीतला ऊर्जेचा साठा मोडत जातो, तेव्हा ते साचतं. आणखी वेळ गेला की त्याचंही विघटन होऊन कडवट हायपोझँथिन उरतं. शिळ्या माशाची चव उतरते ती यामुळेही.

कोलंबी-खेकड्यांचा गोडवा निराळा, तो मुख्यतः ग्लायसीनचा. खाऱ्या पाण्यात तगायला हे जीव अंगात अशी अमिनो आम्लं साठवतात. समुद्रातले मासे त्याच कामासाठी आणखी एक बिनवासाचं द्रव्य बाळगतात. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, तोच तो हिवस वास. आम्ल पडलं की हे अमाइन क्षाररूपात बांधलं जातं आणि हवेत उडत नाही. कालवणातलं आमसूल हे काम करतंच, मासे साफ केल्यावर हाताला चोळलेलं लिंबूही तेच करतं.