भारतीय महिला राष्ट्रीय फुटबॉल संघ

भारतीय महिला राष्ट्रीय फुटबॉल संघ : आंतरराष्ट्रीय महिला फुटबॉलमध्ये भारतातर्फे खेळणारा संघ. कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे. चाहत्यांमध्ये ‘ब्लू टायग्रेसेस’ हे नाव रूढ. दक्षिण आशियात दबदबा आणि त्यापलीकडे वर्षानुवर्षे गैरहजेरी, असा हा तुटक इतिहास आहे. जिथे खंड पडला, तिथे कारण बहुतेकदा मैदानाबाहेरचे होते.

देशात महिला फुटबॉलची घडी बसवली ती 1975 मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र महिला महासंघाने. 1980 च्या आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धेचे (आताचा आशियाई चषक) यजमानपद कालिकतला (आताचे कोळिकोड) मिळाले, तेव्हा भारताने चक्क दोन संघ उतरवले. त्यांपैकी एक अंतिम फेरीत पोहोचला आणि तैवानकडून हरला. 1983 मध्येही भारत उपविजेता होता. त्याच वर्षी शांती मल्लिक अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला फुटबॉलपटू ठरल्या. आशियात दुसरा क्रमांक ही आजही या संघाची सर्वोच्च कामगिरी आहे, हे लक्षात घेतले की पुढची घसरण अधिक बोचते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कारभार अखिल भारतीय महासंघाकडे आला. पण 1998 च्या बँकॉक एशियाडमध्ये चीनने 16–0 असा धुव्वा उडवला. 2009 मध्ये तर दीड वर्षात एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्याने फिफाच्या क्रमवारीतून नावच वगळले गेले.

पुनरागमन शेजारच्या अंगणात झाले. 2010 मध्ये सुरू झालेली सॅफ (दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ) महिला अजिंक्यपद स्पर्धा भारताने ओळीने पाच वेळा जिंकली. त्यांपैकी चार अंतिम सामन्यांत समोर नेपाळच होता. मणिपूरच्या ओइनाम बेंबेम देवी या काळाचा आधारस्तंभ. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच राज्यातील बाला देवी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे गेल्या. देशांतर्गत इंडियन विमेन्स लीग मात्र 2016-17 च्या हंगामात उगवली. राष्ट्रीय संघ आधी आणि लीग नंतर, असा हा उलटा क्रम.

नोव्हेंबर 2021 मध्ये मानाउस येथे ब्राझीलने 6–1 ने हरवले, पण मनीषा कल्याणचा तो एक गोल निकालापेक्षा जास्त लक्षात राहिला. जानेवारी 2022 मध्ये आशियाई चषक महाराष्ट्रात आला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी 0–0 अशी बरोबरी झाली आणि त्यानंतर संघात कोरोना शिरला. 23 जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध (तैवानचे क्रीडाविश्वातील नाव) नियमाप्रमाणे लागणारे किमान 13 खेळाडूही उभे करता आले नाहीत. संघाने माघार घेतल्याचे धरण्यात आले आणि इराणविरुद्धची बरोबरीही रद्दबातल ठरली. घरच्या मैदानावर खेळलेला एकमेव सामना हिशेबातूनच पुसला गेला! हीच स्पर्धा 2023 च्या विश्वचषकाची पात्रता फेरी होती, हे दुखणे वेगळेच.

सॅफमधली सद्दीही त्याच वर्षी काठमांडूत संपली. 2022 मध्ये नेपाळने उपांत्य फेरीत 1–0 ने हरवले. 2024 मध्ये पुन्हा उपांत्य फेरीतच, 1–1 नंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये. दोन्ही वेळा चषक बांगलादेशने नेला.

2026 च्या आशियाई चषकाची पात्रता फेरी जून-जुलै 2025 मध्ये थायलंडच्या चियांग माई येथे झाली. मंगोलियाविरुद्ध 13–0, तिमोर-लेस्तेविरुद्ध 4–0, इराकविरुद्ध 5–0. गंमत म्हणजे थायलंडचेही 22 गोल झाले होते आणि त्यांच्यावरही एकही चढला नव्हता, त्यामुळे 5 जुलैचा सामना थेट फैसल्याचा होता. समोर दोन विश्वचषक खेळलेला, क्रमवारीत 46 वा यजमान संघ. भारत 70 वा. पश्चिम बंगालच्या मध्यरक्षक संगीता बासफोरने 28 व्या मिनिटाला पहिला गोल केला. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच थायलंडने बरोबरी साधली, पण 74 व्या मिनिटाला पुन्हा संगीताच. 2–1. प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री यांच्या या संघाने पात्रता फेरी खेळून आशियाई चषकाचे तिकीट मिळवले. असे याआधी कधीच झाले नव्हते. मार्च 2026 मधील ऑस्ट्रेलियातील स्पर्धेसाठी भारताच्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई आले. चायनीज तैपेई म्हणजे कालिकतच्या अंतिम सामन्यातला तोच जुना प्रतिस्पर्धी.