एकच साल्मोनेला, की त्याच नावाचा दुसरा?

दहा रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत साल्मोनेला हा अन्नातून बाधा करणारा जिवाणू सापडला, म्हणजे दहाही जणांना एकाच अन्नातून बाधा झाली, असा निष्कर्ष साथीच्या बातम्यांत वारंवार दिसतो. तो घाईचा आहे. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून अधिक सीरोटाइप (पृष्ठभागावरच्या रेणूंवरून ओळखले जाणारे प्रकार) ज्ञात आहेत आणि एकेका सीरोटाइपमध्ये असंख्य वंश आहेत. नुसते आडनाव जुळून भागत नाही, बोटांचे ठसेच जुळावे लागतात.

हे ठसे घेण्याची प्रमाण पद्धत वीसेक वर्षे पल्स्ड-फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे पीएफजीई, हीच होती. १९८४ साली श्वार्ट्झ आणि कँटर यांनी ती मांडली. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या पल्सनेट या प्रयोगशाळांच्या जाळ्याने तिची कृती सगळीकडे एकसारखी करून घेतली.

साल्मोनेलाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, सुमारे ४८ लाख अक्षरांचा (बेस-जोड्यांना इथे अक्षरे म्हणू). एक्सबीए-१ हे विकर (एन्झाइम) त्यात ‘टीसीटीएजीए’ हा क्रम दिसेल तिथे कापते. सहा अक्षरांचा क्रम योगायोगाने दर ४,०९६ अक्षरांत एकदा यावा, म्हणजे हजारावर तुकडे पडायला हवेत. पडतात दहा-वीसच! कारण ‘सीटीएजी’ ही चौकडी या जिवाणूंच्या डीएनएत फार दुर्मीळ आहे. म्हणूनच हे विकर निवडले गेले.

पण असे तुकडे अवाढव्य असतात. तुकडे लांबीनुसार वेगळे करायला ते जेलच्या बारीक जाळीतून विजेने ओढतात; सारख्या लांबीचे तुकडे एका जागी जमून पट्टा दिसतो आणि पट्ट्यांची आकृती हाच ठसा. नेहमीच्या जेलमध्ये वीज एकाच दिशेने वाहते. साधारण ५० हजार अक्षरांपुढचे तुकडे तिथे सापासारखे लांब होऊन जाळीतून सरपटतात आणि लांबी कितीही असो, जवळपास एकाच वेगाने जातात. पीएफजीईत विजेची दिशा १२० अंशांच्या कोनात आलटूनपालटून बदलतात. प्रत्येक बदलाला तुकड्याला वळावे लागते. लहान तुकडा चटकन वळून पुढे निघतो, तर मोठ्याचा बराच वेळ वळण्यातच जातो आणि तो मागे पडतो. साल्मोनेलासाठी दिशा बदलण्याचा कालावधी २.२ सेकंदांपासून ६३.८ सेकंदांपर्यंत वाढवत नेतात. तापमान १४ अंश सेल्सिअस, दर सेंटीमीटरला ६ व्होल्ट, आणि हे सारे अठरा-एकोणीस तास.

इतका लांब डीएनए पिपेटमधून ओढला तरी तुटतो. म्हणून अखंड जिवाणूच अगारोज या जेलच्या छोट्या वडीत गोठवतात, प्रोटिनेज-के (प्रथिने पचवणारे विकर) आणि डिटर्जंटने ते वडीतच फोडतात, मग वडी पुनःपुन्हा धुतात. धुण्यात कसूर झाली तर उरलेले प्रोटिनेज-के कापणाऱ्या विकरालाच खाऊन टाकते. कापणी अर्धवट राहिली की फिकट, फसवे जादा पट्टे उमटतात. काही वंशांचा डीएनए जेलमधल्या ट्रिस-बफर या द्रावणामुळे विरघळल्यासारखा पसरतो. त्यावर उपाय म्हणून बफरमध्ये थोडा थायोयुरिया हे रसायन घालतात.

पट्टे मोजतानाही सावध राहावे लागते. एकच अक्षर बदलून कापण्याची नवी जागा तयार झाली तर एक पट्टा जातो आणि दोन येतात. म्हणजे फरक तीन पट्ट्यांचा, घटना मात्र एक. उलट, बदल इतरत्र कुठे झाला तर पट्ट्यांवर त्याची खूणही उमटत नाही. एंटरिटिडिस या सीरोटाइपचे बहुसंख्य नमुने मोजक्याच आकृत्यांत मोडतात, त्यामुळे तिथे पीएफजीई तोकडी पडते.

ठसे घेण्याच्या इतर पद्धतीही आहेत. त्यांतली एमएलएसटी सात जनुकांचे तुकडे वाचते, म्हणजे जीनोमचा हजारावा भागही नाही. दूरची वंशावळ समजायला ती उत्तम, साथीसाठी ढोबळ. एमएलव्हीए ही दुसरी पद्धत डीएनएतल्या पुनरावृत्ती मोजते. ती जलद आहे, पण प्रत्येक सीरोटाइपसाठी वेगळी बसवावी लागते.

पल्सनेट २०१९ साली संपूर्ण जीनोम वाचण्याकडे वळले. तिथे एकेका अक्षराचा फरक दिसतो. तरीही ‘डीएनए जुळला, स्रोत सापडला’ हे खरे नाही. किती अक्षरांच्या फरकापर्यंत दोन नमुने एकाच साथीतले मानायचे, याचा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. रुग्णांनी काय खाल्ले याची चौकशी टळत नाही.

पीएफजीईच्या जुन्या आकृत्यांच्या संग्रहांची अडचण वेगळीच आहे. तुकड्या-तुकड्यांनी वाचलेल्या जीनोममधून पीएफजीईचे पट्टे खात्रीने मांडता येत नाहीत, कारण लांब पुनरावृत्त्यांपाशी जोडणी तुटते. त्यामुळे जुन्या साथीशी तुलना करायची तर उणे ८० अंशांवर ग्लिसरॉलमध्ये ठेवलेला तो जिवाणूच बाहेर काढून नव्याने वाचावा लागतो.