बालरंजनातील आई-बाप

मुलांसाठी केलेल्या गोष्टी, नाटके, चित्रपट व कार्टून यांत दिसणारे आई-बाप आणि त्यांवरून मुलाच्या मनात बसणारी नात्याची कल्पना.

मराठी घरात याची सुरुवात चिऊ-काऊपासून होते. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि चिऊताई आतून सांगत राहते, 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते', 'थांब, तीट लावते'. दार उघडेपर्यंत आईचा सगळा दिवस ऐकून होतो. बाळ मात्र गोष्टभर चकार शब्द काढत नाही आणि चिमण्याचा तर पत्ताच नसतो.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ने (१९३५) हे नाते कडक केले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले आणि ही आई घरोघरी पोचली. पोहायला घाबरून लपलेल्या मुलाला ती मारते, मारण्यामागचे कारणही तीच समजावते. मार म्हणजे माया, हे समीकरण इथे पक्के झाले. 'शिनचॅन' या जपानी कार्टून मालिकेत खोडकर शिनचॅनच्या डोक्यावर आई टेंगूळ आणते तेव्हा मात्र पोरे खिदळतात. तिथे मार हा निव्वळ विनोद असतो. ही मालिका २००८ मध्ये भारतात काही काळ बंद केली गेली.

मुंबईत बालनाट्याला घडीव रूप आले ते १९५९ मध्ये, सुधा करमरकरांच्या 'लिटल थिएटर'मुळे. १९६२ मध्ये रत्नाकर मतकरींची 'बालनाट्य' संस्था आली. बालनाट्यात आई-बाप बहुधा पहिल्या काही मिनिटांतच बाजूला केले जातात: गावाला जातात, राक्षसाच्या कैदेत पडतात किंवा नुसते कामावर जातात. ही लेखकाची निष्ठुरता नव्हे, तांत्रिक गरज आहे. बाप हाताशी असेल तर राक्षसाशी मुलगा कशाला लढेल? दीड तासाच्या नाटकात हे खपते, कारण शेवटी भेट होते. रोज चालणाऱ्या मालिकेत भेटीचा प्रसंगच येत नाही आणि आई उरते ती फक्त हाका मारण्यापुरती.

भूमिका कोणाला द्यायची यावरही अर्थ बदलतो. शिबिराच्या नाटकात कापसाची मिशी लावलेला दहा वर्षांचा 'बाप' ओरडला की प्रेक्षागृह हसते आणि रागावणे थट्टेवारी जाते. तोच संवाद मोठ्या नटाने भरल्या आवाजात म्हटला, तर पुढच्या रांगेतले चार-पाच वर्षांचे मूल रडू लागते. त्यामुळे या वयासाठी बापाचा राग आवाजापेक्षा हालचालीतून दाखवणे बरे.

संहिता तपासण्याचा एक सोपा उपाय आहे. आई-बापांच्या संवादांतून 'दूध पी', 'अभ्यास कर', 'झोप आता' असे सगळे हुकूम पेन्सिलीने खोडावेत. मागे काहीच उरले नाही, तर ते पात्र नसून शाळेची घंटा आहे. मग पाहावे, चूक कोण कबूल करतो, बाप घरात कोणते काम करताना दिसतो आणि मुलाची तक्रार पूर्ण ऐकली जाते का. पडदा पडताना 'मोठ्यांचे ऐकावे' असे भाषण घातले की टाळ्या पालक वाजवतात. पोरे तोवर चपला शोधत असतात.

हिंदीत डब झालेल्या कार्टूनमुळे मुंबईत आणखी एक गुंता होतो. 'डोरेमॉन' या जपानी कार्टूनमधला मुलगा नोबिता हिंदीत आईला 'आप' म्हणतो. मराठी मूल आईला 'तू' आणि पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे बाबांना 'अहो, तुम्ही' म्हणे. आज बहुतेक घरांत 'ए बाबा' रुळले आहे. 'तू'मधली सलगी आणि 'अहो'मधले अंतर 'आप'मध्ये एकाच मापाचे होते. मराठी रूपांतर करताना 'आप'चे सरसकट 'तुम्ही' केले की पडद्यावरची आई परक्या घरातली वाटते.

मुलाने यातले काय उचलले हे प्रश्न विचारून कळत नाही. 'छान होतं' एवढेच उत्तर येते. भातुकली पाहावी. चहाचा रिकामा कप पुढे करत आई झालेली पाच वर्षांची मुलगी बाहुलीला दटावते, 'आता माझं डोकं नको खाऊस, मोबाईल घे.' हे वाक्य कुठल्याच कार्टूनमधले नसते.