मेलेलं नाही, कुडा आहे तो

माझं कुड्याचं पहिलं रोप मीच उपटलं. फेब्रुवारीत त्याच्यावर एक पान शिल्लक नव्हतं, मला वाटलं वाळलं. मुळं हातात आली ती चांगली ओली, लवचीक! तेव्हापासून आधी नख लावून बघतो. साल जराशी खरवडली, आत हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला, की रोपाला हात लावायचा नाही.

पांढरा कुडा हे सह्याद्रीच्या पानझडी रानातलं खालच्या मजल्यावरचं झाड, साग-ऐनांच्या छताखाली वाढणारं. पावसाळ्यात बहुतेक ऊन वरची पानंच गिळतात, खाली झिरपतो तो उरलासुरला हिरवट उजेड. कुड्याचं वेळापत्रक या टंचाईत बरोब्बर बसतं. साधारण एप्रिल-मेमध्ये, छत अजून विरळ असताना, त्याला पालवी आणि सुवासिक पांढरी फुलं येतात. शेंगा पिकून तडकतात त्या हिवाळ्यात आणि पुढे रान उघडं पडत जातं तेव्हा. बियांना रेशमी केसांचा झुबका असतो. गच्च पानांच्या रानात तो उडून जाणार तरी कुठे?

बी हवं असेल तर शेंग तपकिरी होऊ लागताच तिला दोरा गुंडाळा, नाहीतर रिकामी टरफलंच मिळतील. शेंगा जोडीने लोंबतात, टोकं सुटी असतात. कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली दिसली तर तो काळा कुडा, झाडच वेगळं.

रोप पाऊस स्थिरावल्यावर लावावं, मोठ्या झाडाच्या सावलीच्या कडेला, पाणी न साचणाऱ्या जागी. पहिले एक-दोन उन्हाळे पाणी लागतं, पण निष्पर्ण काळात हात आखडता घ्या. पानं नाहीत म्हणजे बाष्पोत्सर्जन जवळपास बंद. घातलेलं पाणी मातीतच राहतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. हे झाड मायेनेच जास्त मरतं. बुडाशी पडलेला पाचोळा झाडून नेऊ नका, ओल तोच धरून ठेवतो.

कुडा तोडला तरी बुंध्यातून फुटतो, मुळांवरूनही कोंब काढतो. एकच खोड हवं असेल तर कोंब काढत बसावं लागतं. मी तो नाद सोडला, मला त्याचं झुडूपच आवडतं. छाटायचंच झालं तर शेंगा तडकून गेल्यावर, पालवीआधी. फुलोरे फांद्यांच्या टोकांना येतात, त्यामुळे उशिरा कात्री चालवली तर त्या वर्षीचा बहरच कापला जातो.