व्हिस्की-संग्रह (कोकण किनारपट्टी)

व्हिस्कीच्या सीलबंद बाटल्या जमवून जपून ठेवायचा छंद. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि खाली गोवा या पट्ट्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याचं रूप बरंच पालटलंय. आधी बाटली कुठनं आली ते महत्त्वाचं होतं, आता आत काय आहे ते वाचून घेतात.

सुरुवातीबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं की हे गोव्यातनं वर आलं, कारण १९६१ पर्यंत तिथं पोर्तुगीज अंमल होता नि परदेशी माल सहज मिळायचा, आणि त्याच काळात इकडे मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा, त्यामुळे स्कॉचच्या बाटलीला आपोआप मोल आलं. दुसरं मत बोटीवरच्या माणसांचं नाव घेतं. मर्चंट नेव्हीत गेलेले लोक सुट्टीवर येताना एक-दोन बाटल्या आणायचे, पुढे आखातातनं येणारेही ड्युटी फ्रीमधून आणायला लागले. सावंतवाडीच्या खाली पहिलं मत पटतं, पण रत्नागिरी-रायगडकडे दुसरंच जास्त खरं वाटतं.

जुना संग्रह म्हणजे हॉलमधलं काचेचं शोकेस. ब्लॅक लेबल, शिवास रीगल, एखाद्या घरी रॉयल सॅल्यूटची चिनीमातीची बाटली, आणि साखरपुड्याला वगैरे उघडलीच तर रिकामीसुद्धा परत तिथंच. कुठल्या बॅचची, कसल्या लाकडी पिंपात मुरलेली असलं कोणी बघत नसे.

बदलाला मुख्य कारण भारतीय सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून बनवलेली व्हिस्की. बंगळुरूच्या अमृतने २००४ साली ग्लासगोत विक्रीला सुरुवात केली, मग गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन २०१२ साली लंडनमध्ये आली, आणि कोकणातल्या संग्राहकाला पहिल्यांदाच आपल्याच हवेत मुरलेली व्हिस्की जमवण्याजोगी वाटायला लागली. आता लोक कास्क स्ट्रेंथ (पिंपातनं पाणी न घालता भरलेली) आहे का, बॅच कितवी, शेवटी शेरीच्या (स्पॅनिश द्राक्षमद्याच्या) पिंपात ठेवली का हे विचारतात. पॉल जॉनच्या कन्या, मिथुना अशा राशींच्या नावाच्या मर्यादित आवृत्त्यांची वाट बघणारेही आहेत.

मुरण्याचा मुद्दा सगळ्यात वादाचा. स्कॉटलंडमध्ये पिंपातली साधारण २ टक्के दारू वर्षाला उडून जाते, गोव्यात हाच आकडा ८ टक्क्यांच्या आसपास सांगतात. म्हणून इथली पाच-सहा वर्षांची व्हिस्की तिकडच्या पंधरा-अठरा वर्षांच्या बरोबरीची, असं सर्रास म्हणतात. हे अर्धंच बरोबर आहे. उष्णतेनं लाकडाचा रंग, व्हॅनिला, कडवटपणा भराभर उतरतो हे नक्की, पण हवेशी सावकाश होणारे बदल त्याच पटीत वेगानं होत नाहीत, म्हणून सरळ गुणाकार करून वय काढणं चूक आहे. शिवाय दमट हवेत पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं आणि कोरड्या हवेत उलटं, म्हणजे किनाऱ्यावरचं पिंप आणि आतल्या पठारावरचं पिंप सारखं मुरतच नाही. एकदा बाटलीत भरली की मुरणं थांबतं. बारा वर्षांची व्हिस्की वीस वर्षं कपाटात ठेवली तरी बारा वर्षांचीच राहते.

दमट हवेचा खरा त्रास घरात. जून ते सप्टेंबर लेबलवर आधी करडे ठिपके येतात, मग कडा सुटतात, खोक्याचा पुठ्ठा फुगतो आणि आतली व्हिस्की ठणठणीत असली तरी संग्राहकाच्या लेखी बाटलीची किंमत गेलेली असते. उपाय म्हणजे बाहेरच्या भिंतीला न लागलेलं कपाट, सिलिका जेलच्या पुड्या, बुचाभोवती पॅराफिल्मची ताणून बसणारी पट्टी, आणि बाटली कायम उभी, कारण आडवी ठेवली तर कडक दारू बूच खाते.

पैशाच्या बाजूनं २०२३ च्या नोव्हेंबरात १९२६ साली गाळलेल्या मॅकॅलन या स्कॉचची एक बाटली लंडनमध्ये लिलावात २१ लाख पौंडांच्या वर गेली त्याची चर्चा इथंही झाली, पण तोवर लिलावांचा बाजार उतरणीला लागला होता. तसंही महाराष्ट्रात लायसन्सशिवाय बाटली विकता येत नाही आणि पिणाऱ्याच्या परवान्यावर महिन्याला १२ युनिटची (ठरवून दिलेल्या मापांची) मर्यादा आहे, त्यामुळे गुंतवणूक म्हणून बाटल्या घ्या असा सल्ला इथं कोणी देत असेल तर तो ऐकू नये. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून परमिटशिवाय पत्रादेवीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात आणणंही गुन्हाच, अलीकडे इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी असते. महाराष्ट्रानं २०२१ साली आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं तेव्हा बोटीवरच्या बाटलीचं अप्रूप आणखी कमी झालं. जुलै २०२५ मध्ये भारताचा ब्रिटनशी व्यापार करार झाला, त्यात स्कॉचवरचं सीमाशुल्क १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायचं ठरलंय.

जुन्या बाटल्यांमध्ये नकली मालही आहे. २०१८ साली स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेनं कार्बन पद्धतीनं (आतल्या दारूतल्या कार्बनवरून वय काढून) ५५ दुर्मिळ बाटल्या तपासल्या, त्यातल्या २१ खोट्या निघाल्या. घरच्या माणसानं स्वतः आणलेली, पावती जपलेली बाटली म्हणूनच संग्राहक जास्त मोलाची धरतात, मग ती ब्लेंडेड (अनेक व्हिस्की मिसळून केलेली) का असेना.