फोटोग्राम आणि ल्युमेन प्रिंट: डेव्हलपर कुठे लागतो, कुठे नाही

फोटोग्राम आणि ल्युमेन प्रिंट, दोन्हींत कॅमेरा नाही, दोन्हींत कृष्णधवल फोटोपेपरवर पानं-फुलं ठेवायची, म्हणून कृतीही एकच असेल असं धरून चांगला कागद वाया घालवणारे अजूनही भेटतात.

फोटोग्राम होतो अंधारखोलीत. लाल सेफलाइट (कागद खराब न करणारा मंद दिवा), एन्लार्जरखाली (कागदावर मोजून उजेड पाडणारं यंत्र) काही सेकंद उजेड, मग चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते थांबवणारा स्टॉप, उरलेले चांदीचे क्षार काढणारा फिक्सर. काळ्यावर पांढरी आकृती. अमेरिकन कलाकार मॅन रे १९२२मध्ये पॅरिसमध्ये हेच करत होता.

ल्युमेन म्हणजे तोच कागद पानांसकट थेट उन्हात ठेवणं. त्याला अंधारखोली लागत नाही, आणि डेव्हलपर तर अजिबातच नाही. घोळ होतो तो इथेच. फोटोग्राममध्ये उजेड दिल्यावर कागद कोराच दिसतो, कारण उजेड लागलेल्या चांदीच्या क्षाराच्या प्रत्येक कणावर चांदीचे मोजके अणू तयार झालेले असतात. त्या कणाची पूर्ण चांदी करतो तो डेव्हलपर. ल्युमेनमध्ये तासभर ऊनच थेट चांदी पाडतं आणि चित्र डोळ्यांदेखत गुलाबी, जांभळं, विटकरी होत जातं. एवढं ऊन खाल्लेला कागद डेव्हलपरमध्ये बुडवला की सगळा काळा पडतो. पानाखालीही उजेड झिरपलेला असतो आणि डेव्हलपरला तेवढा पुरतो.

दुसरी चूक याच्या उलट: सायनोटाइपसारखं (लोहक्षारांनी होणारं निळं चित्र) नुसतं पाण्याने धुऊन भिंतीवर लावणं. सायनोटाइपमधले उरलेले लोहक्षार पाण्यात निघून जातात, इथले चांदीचे क्षार पाण्यात विरघळत नाहीत. भिंतीवर चित्र काळवंडतच राहतं. हायपो (सोडियम थायोसल्फेट, साधा फिक्सर) हवाच: लिटरभर पाण्यात १५० ग्रॅम, साधारण ५ मिनिटं. रॅपिड फिक्सर नको, ही बारीक चांदी तो जास्त खातो. हायपोतही रंग उतरतो आणि पिवळट-तपकिरीकडे झुकतो. म्हणून उन्हात हवं त्यापेक्षा बरंच गडद होऊ द्या. नुसतं स्कॅन करून हायपो टाळणं मला पटत नाही. स्कॅन जरूर करा, पण एकदाच आणि झटपट, त्याच्या दिव्यानेही कागद बदलतो. मग हायपो द्याच.

मुदत संपलेला, धुरकटलेला कागद फोटोग्रामला निरुपयोगी, ल्युमेनला उत्तम. मुंबईत फोर्टातल्या जुन्या फोटो-दुकानांत विचारून पाहा.

मुंबईत एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर तासभर पुरतो, पावसाळी ढगांत तीन-चार तासही कमी पडतात. बाल्कनीत ठेवाल तर ग्रिलच्या सावलीचे पट्टे चित्रात येतील. नेचा किंवा शेवग्याची डहाळी ताजी असेल तर पान दाबायला ठेवलेल्या काचेखाली वाफ धरते, कागदावरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि पान चिकटून तो थर सोलून निघतो. पानाच्या रसाने उमटणारे डाग हवे असतील तर हा धोका पत्करा, नाहीतर मध्ये पातळ ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिक) घाला.

शेवटी प्लास्टिक-लेपाचा कागद ५ मिनिटं वाहत्या पाण्यात, फायबर कागद तासभर. दमट हवेत चित्रं एकावर एक ठेवू नका, क्लिपने पंख्याखाली टांगा.